वेल सरकारचा, कंद कोणाचा?

दिवाळी उरकली, तुळशीची लग्ने लागू लागली की कोकणातल्या आठवडी बाजारांत एक ओबडधोबड माल दिसू लागतो. मातकट रंग, बटाट्यासारखा पण बटाट्याइतका नेटका नव्हे, अंगावर चामखिळीसारखे बारीक उंचवटे. गोणपाटावर त्याचे वाटे मांडलेले असतात. विकणारी बहुधा कातकरी, ठाकर किंवा वारली बाई असते आणि गिऱ्हाईक बहुधा पन्नाशीच्या पुढचे. हे करांदे. मिठाच्या पाण्यात उकडायचे, साल सोलायची आणि गरम असतानाच खायचे. चव किंचित कडसर; लहानपणी ज्याच्या जिभेला ती लागली त्याला ती आयुष्यभर हवीशी वाटते, आणि ज्याला लागली नाही त्याला या पदार्थात एवढे काय आहे ते समजत नाही. बाजारातल्या तरुण गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न 'हे काय असते?' असा असतो आणि दुसरा, 'याचे करायचे काय?'

वास्तविक रानातल्या खाण्याला सध्या बरे दिवस आले आहेत. राज्याच्या कृषी खात्याने 2020 पासून रानभाजी महोत्सव सुरू केले. 9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत ते भरतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे, फोडशी ही नावे शहरातल्या स्वयंपाकघरांत पोहोचली. शेवळ्याची भाजी कशी करावी यावर आता घरोघरी मतभेद होतात, हे चांगलेच लक्षण आहे. पण या सगळ्या कौतुकात कंद कोठे आहे? ऑगस्टमध्ये करांद्याचा वेल नुकता कोठे झाडावर चढलेला असतो. त्याचे फळासारखे दिसणारे कंद पोसतात पाऊस सरता सरता, आणि जमिनीखालचा कंद खणण्याजोगा होतो तो वेल पिवळा पडून वाळल्यावर, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात. महोत्सवाची तारीख पाल्याला सोयीची आहे, कंदाला नाही. सरकारी कौतुकाच्या पंचांगात रान पावसाळ्यात सुरू होते आणि पावसाळ्यातच संपते.

एवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. महोत्सवाची तारीख काय, बदलता येईल. पण पाला खुडणे आणि कंद खणणे यांत मोठा फरक आहे, आणि जंगल कोणाचे या आपल्याकडच्या जुन्या भांडणाची धार त्या फरकावर सगळ्यात जास्त लागते. पाला खुडला तर झाड पुन्हा फुटते. कंद खणला तर झाडच हातात येते. म्हणून खणणाऱ्याकडे वनरक्षक संशयाने पाहतो, आणि खणणारा वनरक्षकाला पाहून कुदळ लपवतो.

नावांचा गुंता

पुढे जाण्यापूर्वी थोडे नावांविषयी. कारण या कुळाबाबत शिकलेल्या माणसांचाही हमखास गोंधळ होतो. इंग्रजीत ज्याला 'याम' म्हणतात ते हे डायोस्कोरिया कुळ. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडिस या ग्रीक वैद्याच्या नावावरून त्याचे बारसे झाले. जगभर त्याच्या सुमारे सहाशे जाती आहेत आणि बहुतेक उष्ण कटिबंधात. सुरण या कुळातला नव्हे. तो अळूचा भाऊबंद. रताळेही यातले नव्हे. ते दक्षिण अमेरिकेतून आले आणि गारवेलीच्या कुळातले आहे. गंमत अशी की गुजरातीत 'रताळू' म्हणजे मात्र खरोखरीचा याम, आपल्याकडचे जांभळे कोनफळ. सुरतेची प्रसिद्ध भजी त्याचीच, उंधियूतला कंदही तोच. म्हणजे मुंबईच्या एकाच भाजीबाजारात एका शब्दाने मराठी बाई एक वस्तू मागते आणि गुजराती बाई दुसरी. अमेरिकेतही नारिंगी रताळ्याला 'याम' म्हणण्याची चाल आहे, तेव्हा आपण एकटेच गोंधळलेले आहोत असे नाही.

आपल्या उपवासाच्या ताटाकडे पाहिले तर हा गोंधळ आणखी मजेशीर होतो. बटाटा, रताळे, साबुदाणा ज्यापासून करतात तो टॅपिओका आणि शेंगदाणे, हे सारे पाहुणे अमेरिका खंडातून आलेले. सोळाव्या शतकापूर्वी आपल्या एकाही पूर्वजाने यांतले काही तोंडात घातले नव्हते. तरी ते उपवासाला चालतात. आणि ज्या कंदमुळांवर ऋषिमुनी राहत म्हणून आपण सांगतो, त्यांतला खरा देशी वेल बाजाराच्या कडेला गोणपाटावर बसला आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे खायचे नाही, हा नियम मात्र अजून कित्येक घरांत पाळला जातो. नांगराशिवाय जे उगवते त्याची आठवण ठेवणारा बहुधा हा एकच सण आपल्याकडे उरला आहे. जत्रेत 'रामकंद' म्हणून लालसर, ढोलाएवढ्या ओंडक्याचे पातळ काप विकतात, ते वनवासातल्या रामाने खाल्लेले कंदमूळ असा विक्रेत्याचा दावा असतो. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याच्या डीएनएची तपासणी केली तेव्हा तो कंद नसून घायपाताचा बुंधा निघाला. घायपातही मूळचे मेक्सिकोचेच.

आपल्या सह्याद्रीत या कुळाच्या अनेक जाती आहेत. करांद्याचा वेल गुळगुळीत, गोल खोडाचा, पान मोठे हृदयाकृती, आणि पानाच्या बगलेत हवेतच कंद धरणारा. कोनफळाचे खोड चौकोनी, चार पट्ट्यांचे. शेंडवेल किंवा उळशी म्हणतात तिची पाने तीन ते पाच पर्णिकांची, आणि तिच्या नर फुलांचे तुरे पावसाळ्यात भाजीलाही घेतात. जाणकार माणूस वेल कोणत्या बाजूने गुंडाळत वर जातो हेही पाहतो, कारण करांदा एका बाजूने वेटोळे घेतो तर कोनफळ दुसऱ्या. नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. आपल्याला एकसारख्या दिसणाऱ्या हिरव्या गुंत्यात कोणता वेल खाण्याचा, कोणता औषधाचा आणि कोणता मरणाचा हे रानातली म्हातारी दुरून सांगते.

मरणाचा हा शब्द अतिशयोक्तीचा नाही. याच कुळात तीन पर्णिकांचा, काटेरी खोडाचा एक वेल आहे. मध्य प्रदेशाकडे त्याला बैचांदी म्हणतात. त्याच्या कंदात डायोस्कोरिन नावाचे विष असते, मज्जासंस्थेवर हल्ला करणारे. कच्चा किंवा अर्धवट शिजवलेला कंद माणसाला मारू शकतो. तरीही भारतापासून इंडोनेशियापर्यंत तो खाल्ला जातो; कारण माणसाने विष उतरवण्याची विद्या शोधून काढली आहे. कंदाचे पातळ काप करायचे, टोपलीत भरून वाहत्या पाण्यात काही दिवस ठेवायचे, पुन्हा पुन्हा धुवायचे आणि मग शिजवायचे. कडू करांद्यालाही साध्या प्रमाणात हेच सोपस्कार लागतात: राख घालून उकडणे, पाणी बदलणे. पाणी वाहते का हवे, राख का हवी, कोणत्या दिवशी काप चाखून पाहायचा आणि किती, हे कोठल्या पुस्तकात शिकवलेले नाही. आईकडून मुलीकडे आलेली ही रसायनशाळा आहे, आणि तिच्यात चूक झाली तर तिची किंमत घरातल्या माणसाने मोजायची असते.

म्हणून शहरातल्या हौशी वाचकांना एक सूचना. गडावर फिरायला गेलात, हृदयाकृती पानांचा वेल दिसला आणि खाली कंद आहे म्हणून खणून घरी आणला, असे करू नका. करांद्याच्याच जातीत खाण्याजोगे आणि फार कडू असे दोन्ही प्रकार असतात. चिनी औषधोपचारात याच वेलाचा कंद वापरल्याने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. ज्या बाईने तो पिढ्यान्पिढ्या शिजवला आहे तिच्याकडून विकत घ्या आणि कसा शिजवायचा तेही तिलाच विचारा. ती सांगते, आणि बहुधा पैसे न घेता.

गोळीच्या पोटातला कंद

रानटी कंदाचे पुढे काय होऊ शकते याचा एक इतिहास मेक्सिकोत घडून गेला आहे. आपल्याकडे तो फारसा सांगितला जात नाही. रसेल मार्कर नावाचा अमेरिकेतील एक प्राध्यापक 1940 च्या सुमारास स्त्रीदेहातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा स्वस्त स्रोत शोधत होता. त्या वेळी हे संप्रेरक जनावरांच्या अवयवांतून काढत, ते अत्यल्प मिळे आणि सोन्याहून महाग असे. मार्करने वनस्पतीतल्या डायोसजेनिन या द्रव्यापासून ते बनवण्याची रीत शोधली. आता हवी होती ती भरपूर डायोसजेनिन देणारी वनस्पती. ती त्याला 1942 साली मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ प्रांतात सापडली. तो एक रानटी यामच होता. अमेरिकेतील औषध कंपन्यांनी त्याला दाद दिली नाही तेव्हा त्याने प्राध्यापकी सोडली, मेक्सिको शहरात भागीदार शोधले, आणि 1944 साली सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली. वर्षभरात तो भांडून बाहेरही पडला. पण मार्ग खुला झाला होता. 1951 साली याच कंपनीच्या प्रयोगशाळेत नॉरएथिस्टेरॉन तयार झाले. कुटुंबनियोजनाची गोळी ज्या द्रव्यांवर उभी राहिली त्यांतले हे एक. सांधेदुखीवर वरदान ठरलेले कॉर्टिझोनही याच कंदातून स्वस्त झाले.

जगातल्या कोट्यवधी बायकांचे आयुष्य बदलणाऱ्या गोळीच्या पोटात एका रानवेलाचा कंद होता. तो कोणी खणला? ओआहाका आणि व्हेराक्रूझच्या जंगलांतल्या गरीब शेतकऱ्यांनी. त्या कंदाचे स्थानिक नाव बार्बास्को. खणून, कापून, आंबवून, उन्हात वाळवून ते मध्यस्थाला विकत आणि किलोमागे मिळे ती चिल्लर. पुष्कळांना आपला कंद पुढे कोठे जातो, त्याचे काय होते हेही ठाऊक नव्हते. गाब्रिएला सोतो लावेआगा या इतिहासकार बाईंचा 2009 सालचा 'जंगल लॅबोरेटरीज' हा ग्रंथ याच खणणाऱ्यांची बाजू मांडतो. 1975 साली मेक्सिकोच्या सरकारने जागे होऊन एक सरकारी कंपनी काढली, कंदाचा व्यवहार ताब्यात घेतला आणि दर वाढवले. हेतू उत्तमच होता. पण तोवर उशीर झाला होता. औषध कंपन्या सोयाबीनसारख्या दुसऱ्या कच्च्या मालाकडे वळल्या आणि बार्बास्कोचा बाजार बसला. खणणारे पुन्हा होते तेथेच.

आपल्याकडेही या नाटकाचा एक अंक झाला. काश्मीर आणि हिमाचलात डायोस्कोरिया डेल्टॉइडिया नावाचा यातलाच एक वेल आहे. डायोसजेनिनसाठी तो इतका उपसला गेला की 1975 सालापासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या यादीत त्याचे नाव आहे. तेव्हा वनखात्याची कंद खणण्याबाबतची धास्ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. मात्र एक भेद लक्षात ठेवावा लागेल. हिमालयातला वेल दुर्मीळ झाला तो घरच्या चुलीसाठी नव्हे, कारखान्यासाठी खणल्यामुळे.

(जाता जाता: 'वाइल्ड याम'चे मलम लावा, नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन मिळवा अशा जाहिराती परदेशात चालतात आणि आता आपल्याकडेही दिसतात. डायोसजेनिनचे प्रोजेस्टेरॉन प्रयोगशाळेत होते, माणसाच्या शरीरात होत नाही. पैसे वाचवावेत.)

एकोणीसशे सत्तावीस आणि दोन हजार सहा

आता आपल्या कायद्यांकडे येऊ. 1927 चा भारतीय वन कायदा इंग्रजांचा, आणि अजून जिवंत. त्यातली 'वनोपजा'ची व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. जंगलात सापडणारी किंवा जंगलातून आणलेली, झाड नसलेली प्रत्येक वनस्पती तिच्यात येते. गवत, वेली, बोरू, शेवाळसुद्धा. या वनस्पतींचे सर्व भागही तिच्यात येतात. म्हणजे वेलही आला आणि जमिनीखालचा कंदही आला. राखीव जंगलातून परवानगीवाचून तो नेणे हा गुन्हा. इंग्रजाला सागवान हवे होते, करांद्याशी त्याला काही कर्तव्य नव्हते. पण जाळे विणताना त्याने भोके इतकी बारीक ठेवली की शेवाळही निसटू नये.

दुसरा कायदा 2006 चा, वनहक्कांचा. आदिवासी आणि पारंपरिक वननिवासी यांच्यावर झालेला ऐतिहासिक अन्याय दूर करण्यासाठी तो आणल्याचे त्याच्या उद्देशिकेतच म्हटले आहे. त्यात गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क लोकांना दिला आहे. गौण वनोपज म्हणजे काय याची जी यादी दिली आहे तीत बांबू, मध, लाख, तेंदूपाने, औषधी वनस्पती यांच्याबरोबर 'मुळे' आणि 'कंद' हे शब्द स्पष्ट छापलेले आहेत. म्हणजे एकाच कंदावर एक कायदा सरकारचे नाव लिहितो आणि दुसरा गावाचे. नंतरचा कायदा आधीच्यावर मात करतो हे वकील सांगतील. पण कुदळ घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईसमोर वकील नसतो, वनरक्षक असतो, आणि वनरक्षकाच्या प्रशिक्षणात कोणत्या सालचा कायदा आधी येतो हे सांगायला नको.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 साली आपल्या बांबूची वाहतूक करण्याचा अधिकारही मिळवला. ती लढाई देशभर गाजली. गडचिरोलीत त्यानंतर अनेक ग्रामसभांना हे हक्क मिळाले. परंतु गाजले ते बांबू आणि तेंदू, कारण त्यांत पैसा आहे, ठेकेदार आहे, लिलाव आहे. कंदासाठी कोणी मोर्चा काढीत नाही. तो सकाळी खणतात, दुपारी उकडतात आणि संध्याकाळपर्यंत संपतो. उरलाच तर आठवडी बाजार. ज्याची पावती होत नाही त्याचा हिशेब होत नाही, आणि ज्याचा हिशेब नाही त्याच्या नुकसानीची भरपाई मागता येत नाही.

जैवविविधतेच्या कायद्यात तर आणखी विचित्र प्रकार आहे. 2002 च्या कायद्याने असे ठरवले की देशातल्या जैविक संपत्तीचा व्यापारी वापर करणाऱ्याने तिचे जतन करणाऱ्या लोकांना लाभात वाटा द्यावा. 2023 साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि 'संहिताबद्ध पारंपरिक ज्ञाना'ला, म्हणजे मान्यताप्राप्त ग्रंथांत नोंदलेल्या ज्ञानाला, लाभवाटपातून सूट मिळाली. आता पाहा: आयुर्वेदात वाराहीकंद म्हणून जे द्रव्य आहे ते म्हणून आज सामान्यतः करांद्याचाच वेल घेतला जातो. वेल तोच, कंद तोच. ग्रंथात तो 'वाराही' म्हणून आला की त्याच्यावर वाटा द्यावा लागणार नाही असा दावा औषध कारखानदाराला करता येईल, आणि कातकरी बाईच्या तोंडी तो 'करांदा' म्हणून राहिला तर तिचा हक्क कायम. पण ग्रंथकाराला हा कंद दाखवला कोणी? वैद्याने स्वतः डोंगरात कुदळ चालवली असेल असे मानणे जड जाते. या सुटीचा अर्थ किती लांब ताणायचा यावर जाणकारांत वाद आहे आणि तो न्यायालयांत जाईल असे दिसते.

याच कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मुदत घातल्यावर, म्हणजे 31 जानेवारी 2020 च्या आसपास, देशभर या नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या. मुदतीपोटी भरलेली वही कशी असते हे शाळेत गेलेल्या कोणालाही माहीत आहे. जेथे ती गावकऱ्यांसह मन लावून केली आहे तेथे मात्र ती मोलाची आहे. कोणता वेल कोठे, कधी खणतात, खड्डा कसा बुजवतात हे त्यात असेल तर उद्या जंगलात 'बेसुमार उपसा' होतो की नाही याचे उत्तर अंदाजावर सोडावे लागणार नाही.

कारण खणणाऱ्यांचेही नियम असतात. कंदाचा वरचा डोळ्याकडचा भाग तोडून पुन्हा खड्ड्यात ठेवायचा आणि माती लोटायची, ही रीत आपल्याकडे आहे आणि जगात इतरत्रही आहे. आफ्रिकेत बेनिन देशातले शेतकरी जंगलातला रानटी याम आणून शेतात लावतात आणि काही वर्षांच्या निवडीनंतर त्याचा शेतीचा याम करतात, हे शास्त्रज्ञांनी नोंदले आहे. पश्चिम आफ्रिकेतला लागवडीचा याम मुळात नायजर नदीच्या खोऱ्यातल्या एका रानवेलापासून झाला, असे 2019 साली जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले. तेथे त्याला केवढा मान! जगातल्या यामच्या निम्म्याहून अधिक पीक एकट्या नायजेरियात येते. इग्बो लोक नवा याम निघाला की मोठा सण करतात, आणि चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या 1958 सालच्या कादंबरीत माणसाची पत त्याच्या कोठारातल्या यामवरून ठरते. आपल्याकडे मात्र रानकंद खाणे हे गरिबीचे लक्षण ठरले. गोव्यात जन्मलेले वैद्य आणि वनस्पतिज्ञ जुझे कामिलु लिझबोआ यांनी 1886 साली मुंबई गॅझेटिअरचा वनस्पतींवरचा खंड सिद्ध केला, त्यात दुष्काळात लोक काय काय खातात याची स्वतंत्र नोंद आहे. सरकारदरबारी रानातले अन्न शिरले ते असे, दुष्काळाच्या रकान्यात. अजूनही ते तेथून पुरते बाहेर आलेले नाही.

येथे भाबडेपणाही टाळायला हवा. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीला 1992 साली बालमृत्यू झाले तेव्हापासून कुपोषणाची चर्चा निघाली की 'आदिवासींनी आपले पारंपरिक अन्न सोडले' असे शहरातून सांगणारे पुष्कळ भेटतात. यामच्या कंदात सत्तर टक्के पाणी आणि उरलेला बहुतेक पिष्टमय पदार्थ असतो. प्रथिने शंभर ग्रॅमला दोन ग्रॅमसुद्धा नाहीत. पोट भरते, मूल वाढवायला तेवढे पुरत नाही. शिवाय मीटरभर खोल कंद काढायला अर्धा दिवस जातो. रेशनवर धान्य मिळू लागल्यावर ज्या बाईने ही मेहनत सोडली ती शहाणीच म्हणायची. प्रश्न सोडण्याचा नाही. ज्यांना अजून खणायचे आहे, विकायचे आहे, लावायचे आहे त्यांना अडवण्याचा आहे. 2023 हे भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, ज्वारी-बाजरी-नाचणी 'श्रीअन्न' झाली, सरकारी मेजवान्यांत पोहोचली. कंदाला असे भाग्य लाभावे अशी माझी इच्छा आहे का, हे मला ठामपणे सांगता येत नाही. कौतुकाच्या पाठोपाठ व्यापारी येतो, आणि तो कंदाचा डोळा खड्ड्यात परत ठेवायला थांबत नाही.

करांद्याच्या बाबतीत तरी निसर्गाने यावर सोय करून ठेवली आहे. त्याचे हवेतले कंद वेलावरूनच तोडता येतात, जमीन उकरावी लागत नाही. आणि ते पेरले की नवा वेल येतो. परसात, कुंपणावर, आंब्याच्या बुंध्याशी तो लागतो. इतका सहज लागतो, की अमेरिकेतल्या फ्लोरिडात 1905 साली नेलेला हाच वेल तेथे जंगलांवर चढून बसला. तेथल्या गावांत स्वयंसेवक पोती घेऊन त्याचे कंद वेचून नष्ट करतात, आणि 2011-12 पासून त्याची पाने खाणारा आशियाई भुंगेरा मुद्दाम सोडला आहे. आपल्याकडे दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि तिरुवनंतपुरमची केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था या कुळावर काम करतात. जंगलावरचा भार कमी करायचा तर लावणीचा मार्ग आहे. मात्र लावणार कोठे? ज्या कातकरी कुटुंबाच्या झोपडीखालची जागाही स्वतःच्या नावावर नाही त्याला परसबाग कोठून येणार?

मानवशास्त्रात 'वाइल्ड याम क्वेश्चन' नावाचा एक प्रसिद्ध वाद आहे. टॉमस हेडलंड यांनी 1987 साली तो या नावाने मांडला: शेतीचा आधार नसताना, केवळ रानातल्या यामवर माणूस विषुववृत्तीय अरण्यात राहू शकतो काय? वाद विद्वानांचा वाटतो, पण त्याची सावली लांब पडते. अरण्य माणसाला पोसू शकत नाही असे ठरले, तर तेथे राहणारा माणूस आगंतुक ठरतो आणि त्याला बाहेर काढणे सोपे जाते. पोसू शकते असे ठरले, तर तो त्या अरण्याचाच भाग होतो.

हा वाद आपल्या शेजारीच, गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयड्यात चालू आहे, विद्वानांविना. तेथले कुणबी मराठी-कोकणीच्या मिश्र बोलीत बोलतात. त्यांच्या परसात कंदांच्या इतक्या जाती आहेत की दरवर्षी हिवाळ्यात जोयड्याला कंदांचा मेळा भरतो. गोव्यातून, बेळगावातून लोक खरेदीला येतात. हाच तालुका काळी व्याघ्र प्रकल्पाचा. प्रकल्पाच्या गाभ्यातून जे कुटुंब स्वखुशीने बाहेर पडेल त्याला 2021 पासून पंधरा लाख रुपये मिळतात. त्याआधी दहा मिळत. काही कुटुंबे गेली आहेत, काहींचे ठरत नाही. रस्ता, दवाखाना, शाळा यांची वाट पाहून कंटाळलेल्या तरुणांना पैसे घ्यावेसे वाटले तर त्यात नवल नाही. रक्कम कुटुंबामागे ठोक आहे. परसात कंदांच्या किती जाती आहेत आणि घरातल्या म्हातारीला त्यांतल्या किती ओळखता येतात, हे विचारणारा रकाना अर्जात नाही. मेळ्याला मात्र ती म्हातारी अजून येते, वाटे मांडते, आणि विचारले तर कोणता कंद भाजायचा आणि कोणता रात्रभर पाण्यात ठेवायचा हे सांगते.